मदत हवी आहे: दाबल्यावर उजळणारी फिल्म दुसऱ्या दाबाला मंद का पडते?

काजवा१२: पीडीएमएसमध्ये (सिलिकॉन रबरमध्ये) पावडर मिसळून फिल्म केलीय. दाबली की हिरवा उजेड येतो. प्रोजेक्टसाठी तिचा ऑप्टिकल सिनॅप्स (मेंदूतल्या पेशींच्या जोडासारखं उजेडावर चालणारं साधन) म्हणून वापर दाखवायचाय, म्हणजे लागोपाठ दोनदा दाबलं की दुसरा उजेड जास्त यायला हवा. माझा कमीच येतो, पुढे तर जेमतेम दिसतो. गाइड परवा बघणार आहेत, प्लीज लवकर सांगा.

खवचट: पावडर कुठली ते राहिलंच की. झिंक सल्फाइड-कॉपर आणि स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, दोन्ही हिरवीच उजळतात.

काजवा१२: नेहमीचीच हो, युरोपियम-डिस्प्रोशियमवाली.

खवचट: म्हणजे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट. मग मंद पडणारच! यूव्हीने ट्रॅपमध्ये, म्हणजे स्फटिकातल्या चार्ज धरून ठेवणाऱ्या जागांमध्ये, अडकलेले चार्ज दाबाने सुटतात आणि युरोपियम ५२० नॅनोमीटरच्या आसपास उजळतं. ट्रॅप रिकामे झाले की संपलं. यूव्ही कधी दिला होता?

निवांत: यूव्हीची भानगडच नको. झिंक सल्फाइड घ्या, मी तेच वापरतो. हजारो वेळा ताणा, चार्जिंग लागत नाही.

खवचट: आणि दाब सुटला की लगेच विझतं. सिनॅप्सला मागची आठवण नको का?

निवांत: आठवणीसाठी पुढे मेमरिस्टर लावा, आधीचा करंट लक्षात ठेवणारा रेझिस्टर.

खवचट: मग ऑप्टिकल कशाला म्हणायचं?

जुनापुराणा: साखर अंधारात फोडली तरी चमकते. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच लिहून ठेवलंय.

काजवा१२: काका, साखर नकोय. यूव्ही सकाळी दिला होता, एकदाच. बोटाने दाबतो, मोजायला फोटोडायोड.

अदिती_लॅब: सकाळचा बराचसा चार्ज आफ्टरग्लोमध्येच (यूव्ही बंद झाल्यावर रेंगाळणाऱ्या उजेडात) गळून गेला असणार. दर वेळी आधी तेवढाच वेळ यूव्ही, मग तेवढाच वेळ अंधार, मगच दाब. तोही बोटाने नको, कारण किती झटकन दाबलं यावरही उजेड ठरतो. तरीही दुसरा कमीच आला तर डिप्रेशन (पुढचा प्रतिसाद कमी होणं) म्हणून मांडा, सिनॅप्समध्ये तेही असतं. वाढच दाखवायची तर यूव्हीच्या दोन पल्स द्या. पहिलीने ट्रॅप थोडे भरलेले असतात, म्हणून दुसरीचा उजेड वर चढतो.

काजवा१२: पण ताई, प्रोजेक्टच्या नावातच दाब आहे, आता बदलता येत नाही.

अदिती_लॅब: मग यूव्हीने लिहा, दाबाने वाचा. एका पल्सनंतर आणि दोन पल्सनंतर दाबून किती फरक पडतो ते मोजा. आणि फिल्म ओलाव्यापासून जपा, ही पावडर पाण्याने बिघडते.

निवांत: झिंक सल्फाइड घेतलं असतं तर एव्हाना मोजून झालं असतं.