अनुभव धागा: बीएचे (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) झालात? कसे वळलात, लिहा

पाऊलवाट
काल टीममध्ये नवीन आलेल्या मुलीने तिची आधीच्या कामातली बीआरडी (सॉफ्टवेअरमध्ये काय काय हवं ते लिहिलेला दस्तऐवज) वाचायला दिली. शेवटच्या पानावर सहा जणांचे साइन-ऑफ, म्हणजे मंजुरीच्या सह्या. ते पान बघून सगळं आठवलं.

मी ७ वर्षं बीए होते. माझ्या एका प्रोजेक्टची बीआरडी १४० पानांची होती. प्रत्येक रिक्वायरमेंटला नंबर, ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्समध्ये (कोणती मागणी कुठे पूर्ण झाली त्याचा तक्ता) एकही रकाना रिकामा नाही, यूएटी (वापरणाऱ्यांनी घ्यायची शेवटची चाचणी) पहिल्याच फेरीत पार. खूप कौतुक झालं. ८ महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी लॉगवर (कोणी काय उघडलं त्याच्या नोंदी) क्वेरी चालवत होते, तेव्हा दिसलं की ज्या रिपोर्टच्या स्क्रीनवर आम्ही ११ आठवडे घातले, ती अख्ख्या महिन्यात ४ जणांनी उघडली होती. त्यातले दोघं आमचेच टेस्टर.

चूक कुणाचीच नव्हती. मागितलं ते दिलं होतं. पण ते का हवंय हे मी कधी खोदून विचारलं नव्हतं, आणि दिल्यावर पुढे काय झालं ते बघणं माझ्या कामातच धरलेलं नव्हतं. साइन-ऑफ झालं की माझं काम संपलं.

त्यानंतर प्रत्येक रिक्वायरमेंटवर एक ओळ लिहायला लागले: हे केलं तर कोणता आकडा हलेल? लोक आधी वैतागले. दीड वर्षाने त्याच कंपनीत प्रॉडक्टमध्ये गेले, पगार तोच. तुमचंही लिहा.

अर्धविराम
अगदी अगदी! ती ४ जणांची ओळ वाचून गलबलून आलं. माझंही असंच एक आहे. सविस्तर लिहिते, बाळ उठलंय.

रिकामी_वही
मी अजून वळलेलो नाही. ३ मुलाखती झाल्या, तिन्हींत नकार. शेवटच्या वेळी प्रश्न होता की साइन-अपमध्ये लोक दुसऱ्या पायरीवर गळतायत, काय कराल. मी पाच पर्याय मांडले, प्रत्येकाचे फायदे-तोटे, कोणाकोणाशी बोलावं लागेल ते. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान मांडलंत. आता तुम्ही यातलं काय करणार?" मला सांगताच येईना. ९ वर्षं पर्याय मांडून निर्णय दुसऱ्यांवर सोडायची सवय लागली आहे.

पाऊलवाट
वही, वाईट वाटून घेऊ नका. तिसऱ्याच मुलाखतीत नेमकं काय अडतंय ते कळलं तुम्हाला. मला कळायला वर्ष लागलं.

डोंगरवारा
मुळात "नाही" म्हणता येणं हीच खरी परीक्षा. बीए असताना आमच्या मॉस्कोच्या (मागण्यांची मस्ट, शुड, कुड, वोन्ट अशी विभागणी) यादीत ४३ ओळी होत्या, त्यातल्या ३९ "मस्ट". मी त्या मुकाट्याने लिहून घेतल्या. पीएम झाल्यावर पहिल्या तिमाहीतही तेच चाललं होतं. मग कोणतं काम आधी हे ठरवायला राइस वापरायला घेतलं. इंटरकॉम या सॉफ्टवेअर कंपनीच्या लोकांनी काढलेली पद्धत आहे ती: किती जणांपर्यंत पोचेल गुणिले परिणाम गुणिले खात्री, भागिले मेहनत. खरं सांगतो, गणिताचा उपयोग कमीच झाला. उपयोग झाला तो "खात्री" या एका रकान्याचा. सेल्सचे दादा येऊन म्हणाले हे तातडीचं आहे. मी विचारलं, खात्री किती धरू? ते थांबले, म्हणाले एकाच ग्राहकाने मागितलंय. ५० टक्के लिहिलं, त्यांच्यासमोरच. भांडण न होता ते काम खाली गेलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं "नाही" ते, आणि तेही त्यांच्याच तोंडून आलं.

सांजवात
पण प्रॉडक्ट ओनर म्हणजे पीएम का? आमच्याकडे बीएंचं नुसतं पद बदललं, काम तेच. स्टोऱ्या (वापरणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेल्या छोट्या मागण्या) लिहा, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया (काम पूर्ण कधी धरायचं ते) लिहा, बॅकलॉग (करायच्या कामांची यादी) सांभाळा.

डोंगरवारा
@सांजवात ताई, ओनर ही स्क्रम या टीमने काम करायच्या पद्धतीतली भूमिका, पीएम ही नोकरी. एकच माणूस दोन्ही करू शकतो. पण आपल्या बॅकलॉगमधून एखादी गोष्ट स्वतःच्या अधिकारात काढून टाकता येत नसेल, तर पद काहीही असो, ते बीएचंच काम.

जुनी_पाटी
थोडं अवांतर. या पदाचं मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाहीच, साबणात आहे. मे १९३१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलमधल्या नील मॅकेलरॉय यांनी वरिष्ठांना एक मेमो लिहिला. ते कॅमे साबणाचं काम बघत होते आणि कंपनीचं सगळं लक्ष आयव्हरीकडे. त्यांचं म्हणणं असं की प्रत्येक ब्रँडसाठी एक जबाबदार माणूस असावा, आणि विक्री कुठे पडतेय, का पडतेय हे त्याने स्वतः शोधावं. पुढे १९५७ मध्ये ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. मला तो "का पडतेय" भाग फार आवडतो.

सांजवात
साबणाचं माहीत नव्हतं! धन्यवाद.

निळी_शाई
मी उलटी वाट सांगते. २ वर्षं पीएम होते, परत बीए झाले. रोज अर्धा दिवस रोडमॅप कोणाला तरी समजावण्यात जायचा. गुंतलेली प्रक्रिया स्विमलेनमध्ये (कोणती पायरी कोणाची ते दाखवणारी आकृती) उलगडत जाते तेव्हा मला जो आनंद होतो तो तिथे नव्हता. बीए म्हणजे पीएमची खालची पायरी असं कोणी समजू नये, एवढंच मनापासून सांगायचंय.

पाऊलवाट
निळी, हे लिहिलंस ते फार बरं केलंस.

अर्धविराम
आले. आमचं रुग्णालयाच्या नोंदणीचं सॉफ्टवेअर होतं. मागणी आली: शोधाच्या स्क्रीनवर आणखी ६ फिल्टर हवेत. बीए म्हणून मी ते लिहूनही टाकलं असतं, कारण मी बोलायचे ती विभागप्रमुखांशी. त्या वेळी सहज काउंटरवरच्या ताईंच्या शेजारी सकाळभर बसले. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी, घडीवर फाटत आलेली, तिच्यावर पाच डॉक्टरांचे कोड. दर पेशंटला त्या चिठ्ठीकडे बघून कोड टाकायच्या. फिल्टर नकोच होते, त्यांचे पाच डॉक्टर यादीत वर दिसायला हवे होते. दोन दिवसांचं काम. पुढच्या वेळी गेले तर चिठ्ठी नव्हती, डिंकाचा डाग तेवढा होता. त्या डागामुळे मी पीएम झाले म्हणा.

रिकामी_वही
अर्धविराम ताई, हे फार आवडलं. पीएम व्हायला एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) किती यावं लागतं?

पाऊलवाट
जॉइन, ग्रुप बाय आणि एक कोहॉर्ट (एकाच काळात आलेल्या वापरणाऱ्यांचा गट) स्वतःचा स्वतः काढता आला की सुरुवातीला पुरे.

रिकामी_वही
तेवढं येतं. गुरुवारी चौथी मुलाखत आहे. या वेळी काय करणार ते आधी सांगेन, पर्याय विचारले तरच.

अर्धविराम
शुक्रवारी कळवा नक्की. वाट बघते.