शब्दचर्चा: 'रेटकॉन'ला मराठीत काय म्हणावं?

जुनी रद्दी:
सुपरहिरो कॉमिक्सवर मराठीत लिहायला बसलं की एका शब्दापाशी हमखास अडायला होतं, तो म्हणजे रेटकॉन. छापून गेलेल्या गोष्टीचा अर्थ मागाहून फिरवायचा आणि वर 'हे पहिल्यापासून असंच होतं' म्हणायचं, असा साधारण भाव. कंटिन्युइटीला मी 'कथासंगती' लिहितो, ते खपतं. कॅननला 'प्रमाण कथा'. रेटकॉनला मात्र कधी 'दुरुस्ती' लिहिलंय, कधी 'फेरफार', आणि दोन्ही वेळा कुणी ना कुणी भांडायला आलंय. ज्याच्या डोक्यात हल्क असतो त्याला 'फेरफार' फार कडक वाटतो. ज्याच्या डोक्यात स्पायडर-मॅनचं लग्न असतं त्याला 'दुरुस्ती' ऐकूनच संताप येतो. सुचवा.

ओसरीवरची:
आयता शब्द आहे की, 'सारवासारव'! बोलताना सगळे वापरतात, लिहितानाच का लाजायचं? हल्कचंच घ्या. १९६२ च्या पहिल्या अंकात तो राखाडी होता. छपाईत तो राखाडी काही एकसारखा उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून हिरवा झाला. पुढे जुन्या प्रसंगांची उजळणी करतानाही हिरवाच दाखवला, जणू कधी वेगळा नव्हताच. आणि हल्क लिहिणारा मार्व्हलचा स्टॅन ली एकाच वेळी इतकी मासिकं लिहीत होता, की हल्कमागच्या माणसाला, ब्रूस बॅनरला, मध्येच 'बॉब बॅनर' करून बसला. वाचकांनी पकडलं. खुलासा काय, तर त्याचं पूर्ण नाव रॉबर्ट ब्रूस बॅनर! आजही तेच प्रमाण आहे. याहून बेमालूम सारवासारव दाखवा.

मु. पो. गॉथम:
आणि तिथे ते काम वाचकच फुकट करायचे. १९६० च्या दशकात मार्व्हलने 'नो-प्राइझ' काढलं. चूक दाखवून ती चूक का नाही हेही पटवून देणाऱ्या वाचकाला पुढे तेच बक्षीस मिळू लागलं. घरी पाकीट यायचं, वर 'अभिनंदन, यात अस्सल नो-प्राइझ आहे' असं छापलेलं आणि आत काहीच नाही. नुसत्या चुका काढणारे वाचक जगात पुष्कळ. त्यांच्याकडून मखलाशी करून घ्यायची युक्ती त्या रिकाम्या पाकिटात होती. वाद घालायची आमची सवयही तिथलीच असणार. 'त्या चौकटीत ढाल डाव्या हातात कशी' इथून सुरुवात होते आणि रात्रीचे दोन वाजतात.

जुनी रद्दी:
सारवासारव झकास आहे, पण तिच्यात चूक गृहीत धरलेली आहे. चूक नसेल तर? स्वॅम्प थिंग. १९७२ पासूनची गोष्ट सगळ्यांना पाठ होती: ॲलेक हॉलंड हा शास्त्रज्ञ स्फोटात जळतो, दलदलीत पडतो, त्याच्याच रसायनामुळे वेलीमुळ्यांचा राक्षस होऊन उठतो, आणि पुन्हा माणूस व्हायची वाट शोधत राहतो. १९८४ मध्ये ॲलन मूरने २१ व्या अंकात त्या राक्षसाचं शवविच्छेदन करवलं. डॉक्टर वुड्रू देह उघडतो. आत फुफ्फुसासारखं काहीतरी सापडतं, पण त्यातून श्वास जाऊच शकत नाही. मेंदूसारखं काहीतरी सापडतं, पण ते विचार करू शकणारं नाही. सगळे अवयव वनस्पतीने केलेल्या नकला. म्हणजे हॉलंड त्या रात्रीच मेला होता. हा माणूस झाडासारखा झालेला नाही, हे झाड स्वतःला माणूस समजतंय. जुन्या अंकांतली एक चौकट बदलली नाही, एक संवाद पुसला नाही, आणि मागचं सगळं उलटंपालटं झालं. याला सारवासारव कोण म्हणेल?

पोथीवाला:
या गावात थोडा उशिरा आलो, पण शब्द माझ्याकडे आहे: 'प्रक्षेप'. पुण्याच्या भांडारकर संस्थेत सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या मंडळींनी महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, १९६६ ला ती पुरी झाली. गणपतीने व्यासांची लेखनिकी केली ही गोष्ट आपल्याला पाळण्यापासून माहीत, पण त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत ती नाही, परिशिष्टात गेली आहे. कुणीतरी मागाहून घातली आणि ती इतकी रुजली की काढली तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. तुमचं रेटकॉन याहून वेगळं काय?

मु. पो. गॉथम:
वेगळं असं, की प्रक्षेप करणारा लपतो. इथे पहिल्या पानावर लेखकाचं नाव, संपादकाचं नाव, मुखपृष्ठावर महिना आणि किंमत. शिवाय प्रक्षेपात श्लोक वाढतात. वर रद्दीशेठनी दिलेल्या उदाहरणात जुन्या मजकुरात काहीही वाढलेलं नाही.

जुनी रद्दी:
थांबा, पोथीवाल्यांना इतक्यात वाटेला लावू नका. मुळात 'रेट्रोॲक्टिव्ह कंटिन्युइटी' हे शब्द कॉमिक्सच्या पानावर आले ते १९८३ मध्ये, 'ऑल-स्टार स्क्वॉड्रन'च्या अठराव्या अंकातल्या पत्रव्यवहारात, रॉय थॉमसच्या लेखणीतून. तो तेव्हा काय करत होता? ऐंशीच्या दशकात बसून दुसऱ्या महायुद्धातल्या नायकांच्या नव्या गोष्टी लिहीत होता आणि त्या चाळीसच्या दशकातल्या जुन्या अंकांच्या मधल्या फटींत बसवत होता. जुन्याला धक्का न लावता, आणि शक्य तिथे जुन्या विसंगतीचं कारणही देऊन. हा सरळ प्रक्षेपच झाला, फक्त सही करून केलेला. उलथवून टाकण्याचा अर्थ त्या शब्दाला नंतर जास्त चिकटला. आज लोक 'रेटकॉन केला' असं तोंड वाकडं करून म्हणतात, ते थॉमसच्या कामाला लागू पडत नाही.

ओसरीवरची:
मग लग्न मोडलं ते काय? पीटर (म्हणजे स्पायडर-मॅन) आणि मेरी जेनचं लग्न १९८७ चं, वार्षिक अंकातलं. वीस वर्षांनी 'वन मोअर डे'मध्ये आंट मेचा जीव वाचवायला दोघं मेफिस्टो या सैतानाला लग्न देऊन टाकतात, आणि जगाच्या आठवणीतून ते पुसलं जातं. मार्व्हलच्या संपादकांना पीटर पुन्हा एकटा हवा होता, हे त्यांनी कधी लपवलंही नाही. याला दुरुस्ती म्हणणाऱ्याशी मी बोलणार नाही.

मु. पो. गॉथम:
राग समजतो, पण बारकाईने पाहिलं तर 'वन मोअर डे' रेटकॉनच नाही. त्यात भूतकाळ बदलतो तो गोष्टीच्या आत, सैतानाच्या सौद्याने, वाचकाच्या डोळ्यांसमोर. ती घटना आहे. खरा रेटकॉन आला २०१० मध्ये, 'वन मोमेंट इन टाइम'मध्ये. तिथे दाखवलं की लग्नाच्या आदल्या रात्री पीटर एका चोराच्या मागे गेला, मार लागून बेशुद्ध पडला आणि मुहूर्त हुकला. म्हणजे १९८७ च्या अंकात आपण वऱ्हाडी म्हणून हजर होतो, तो समारंभ झालाच नव्हता.

ओसरीवरची:
अक्षता टाकून झाल्यावर नवरदेव मांडवात नव्हता म्हणून सांगतात! याला मराठीत 'बनवाबनवी' म्हणतात, लिहून घ्या.

शेवटचा डबा:
क्रायसिसचं कुणीच काढलं नाही. १९६१ मध्ये 'फ्लॅश'च्या १२३ व्या अंकात नवा फ्लॅश, बॅरी ॲलन, भलत्याच पृथ्वीवर पोचतो आणि त्याला जुना फ्लॅश, जे गॅरिक भेटतो. गंमत म्हणजे बॅरी त्याला आधीच ओळखतो, कारण तो लहानपणापासून जे गॅरिकचं कॉमिक वाचत आलेला आहे. तिथून पृथ्व्या वाढत गेल्या. नव्या वाचकाला पत्ता लागेना, म्हणून १९८५-८६ मध्ये मार्व वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स'च्या बारा अंकांत त्या सगळ्या मोडून एकच ठेवली. सुपरगर्ल सातव्या अंकात गेली, बॅरी आठव्यात. याला मी 'पाटी कोरी करणं' म्हणेन. पण पाटी कोरी झालीच नाही ना! पॉवर गर्ल ही दुसऱ्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनची चुलतबहीण. ती पृथ्वीही नाही आणि तो सुपरमॅनही नाही, तर हिचं करायचं काय? तिला अटलांटिसच्या ॲरिअन या जादूगाराची वंशज करून टाकलं, आणि २००५-०६ च्या 'इन्फिनिट क्रायसिस'मध्ये पुन्हा मूळ पदावर आणलं. बदलीच्या ऑर्डरी निघाव्यात तसं चाललं होतं.

पोथीवाला:
आमच्या लहानपणी इंद्रजालमध्ये वेताळ यायचा. त्याच्यातही असलं काही होतं का?

जुनी रद्दी:
होतं, आणि ते यांपैकी कशातच बसत नाही. ली फॉकने १९३६ मध्ये फँटम सुरू केला तेव्हा त्याचं जंगल आशियाकडचं होतं, चाच्यांच्या टोळीचं नाव सिंग. पुढे तेच जंगल, तीच कवटीगुहा आफ्रिकेत गेली. खुलासा नाही, स्फोट नाही, काही नाही, आणि सिंग मात्र तसेच राहिले. इंद्रजालमध्ये त्या देशाचा 'देंकाली' झाला आणि सिंगांचे 'सिंगा'. आपण मुकाट्याने वाचलं. रोजच्या पट्टीत माणसं असं खपवून घेतात, मासिकाच्या वाचकाकडे मात्र मागचा अंक जपून ठेवलेला असतो. वेताळच्या बाबतीत मी फक्त 'बदल' लिहीन.

मु. पो. गॉथम:
मग ठरलं काय?

जुनी रद्दी:
मी यापुढे तीन शब्द वापरणार. चूक झाकली असेल तर सारवासारव. जुन्या दोन अंकांच्या मध्ये नवं घातलं तर प्रक्षेप. मागच्या पानांना हात न लावता त्यांचा अर्थच फिरवला तर 'अर्थपालट'. शब्द माझाच आहे, नावडल्यास बदला. नुसतं रेटकॉन म्हटलं की तिन्ही एका पोत्यात जातात, आणि मग स्वॅम्प थिंगवर खूश असलेला माणूस आणि लग्नावरून चिडलेला माणूस एकच शब्द धरून भांडत बसतात.

शेवटचा डबा:
तीन खण केलेत, आता कॅप्टन अमेरिका कुठे ठेवता ते सांगा. १९६४ मध्ये 'ॲव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात तो बर्फात सापडला, युद्धाच्या अखेरीपासून तिथेच गोठलेला. पण १९५३-५४ मध्ये तर तो दुकानात विकला जात होता, कम्युनिस्टांना बडवत! ही झाली चूक. १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्टने सांगितलं, की तो पन्नासच्या दशकातला कॅप्टन दुसराच कुणीतरी होता. खऱ्याचा भक्त, चेहराही तसाच करून घेतलेला, नावही खऱ्याचंच, स्टीव्ह रॉजर्स, लावलेलं, आणि सदोष रसायनाने डोकं फिरून ज्याला-त्याला कम्युनिस्ट समजणारा. चूक झाकली गेली म्हणून सारवासारव म्हणावं, तर ज्या पानांवर पन्नासच्या दशकातल्या मुलांनी नायक वाचला होता, त्याच पानांवर आता एक वेडा माणूस आहे.

जुनी रद्दी:
अर्थपालट.

ओसरीवरची:
सारवासारव. हेतू बघा ना, हेतू चूक झाकण्याचाच होता.

जुनी रद्दी:
हेतू संपादकाचा. मी लिहितोय वाचकासाठी, त्याच्या हातात अंक आहे.