भाताच्या पानात अळी, पांढऱ्या रेघा

खानापूरकर: लावणी होऊन महिना झाला, पानं शेंड्याकडनं पांढरी पडालीत. एक पान उजेडात धरून बघितलं तर दोन पापुद्र्यांमधी पिवळसर चपटी अळी हलतीया! करपा रोग न्हवं ना?

शिवारातला: करपा न्हवं दादा, हिस्पा हाय. काळानिळा काटेरी भुंगेरा, जेमतेम ५ मिलिमीटरचा, वरचा हिरवा थर खरवडतो म्हणून रेघा, आणि त्याची अळी पानाच्या आतच खाती, कोषबी तिथंच, म्हणून वरनं मारलेलं औषध तिला सहज पोचत नाही. युरिया जास्त झाला की हा वाढतो, हात आवरा.

कडोलीची ताई: अंडी शेंड्याजवळच घालतो, तवा पुढच्या वेळी तरवा (भाताची रोपं) लावायच्या आधी पानांचे शेंडे खुडून जाळा. बांधावरचं गवतबी काढा, तिथं राहतो.