मोबाईलच्या काचेवर चरे कशाने पडतात? आपापले अनुभव लिहा

नवा फोन घेऊन पाच महिने झाले. एवढी चांगली काच, तिच्यावर आणखी काच कशाला, म्हणून स्क्रीनगार्ड लावला नव्हता. काल सकाळी गॅलरीत उन्हात फोन तिरका धरला आणि मधोमध एक लांब चरा दिसला, खालच्या कडेला दहा-बारा बारीक. फोन एकदाही पडलेला नाही. पर्समध्ये किल्ल्यांचा कप्पा वेगळा आहे. हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे मनाला फारच लागलं. तुम्ही फोन कुठे ठेवता, कशाने पुसता, पहिला चरा कधी पडला, हे बारकाव्यानं लिहाल का? कंपनीचं नाव नको, वापर सांगा.

साइटवाला
मी बांधकामावर सुपरवायझर आहे. पहिल्या फोनची काच वर्षभरात पार धुरकट झाली. दोष किल्ल्यांच्या जुडग्याला दिला, कारण दोन्ही एकाच खिशात असायचे. जुडगा दुसऱ्या खिशात गेला, चरे थांबले नाहीत. एकदा बायकोनं पँट धुवायला घेताना खिसा उलटा केला, तर शिवणीत चिमूटभर वाळू. रोज चालताना, जिना चढताना फोन तिच्यावर घासत होता. आता फोन शर्टाच्या खिशात, आणि दर रविवारी सगळ्या पँटींचे खिसे उलटे करून झटकतो. दुसऱ्या फोनला चौदा महिने झाले, दोनच चरे आहेत.

गारगोटी
साइटवाले दादा, तुमचं निदान अगदी बरोबर आहे. मी भूगर्भशास्त्र शिकवतो. फ्रीडरिक मोह्स यांनी 1812 मध्ये खनिजांच्या कठीणपणाची 1 ते 10 अशी श्रेणी मांडली. वरचं खनिज खालच्यावर चरा पाडतं. नख साधारण अडीच, तांबं तीन, चाकूचं पोलाद आणि साधी काच साडेपाचच्या आसपास. वाळूतलं क्वार्ट्झ, म्हणजे बांधावर सापडते तीच आपली गारगोटी, 7.

वर्गात जुन्या फोनवर हे करून दाखवतो. पितळी किल्ली जोर लावून ओढली की रेघ उमटते, मुलं हळहळतात. ओल्या फडक्यानं पुसली की रेघ जाते, कारण तो काचेवर उतरलेला धातू असतो. मग गारगोटीचा तुकडा हलकेच ओढतो. ती रेघ जात नाही.

मग ‘मजबूत काच’ म्हणतात ती कशी? काच वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेतले सोडियमचे छोटे आयन निघून तिथे पोटॅशियमचे मोठे आयन बसतात आणि पृष्ठभाग दाबाखाली राहतो. त्यामुळे काच पडण्या-आपटण्याला चांगली टिकते, पण क्वार्ट्झपेक्षा कठीण होत नाही. आणि खोल चरा त्या दाबाच्या थराला भेदून गेला, तर पुढच्या वेळी फोन पडताना तडा तिथूनच जाण्याची भीती असते. म्हणून चरा दिसायला बारीक असला तरी मी त्याकडे काणाडोळा करत नाही.

तारकर्लीचा पाहुणा
सुट्टीत किनाऱ्यावर मुलीनं ओल्या हातानं फोन घेतला. मी लगेच टॉवेलनं खसाखसा पुसला. त्याच टॉवेलवर आम्ही बसलो होतो. दोन सेकंदांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चरे पडले. आता आधी फुंकर, मग मऊ फडकं, तेही न दाबता.

दुरुस्तीवाला
अकरा वर्षं मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतोय, म्हणून तीन गोष्टी कळकळीनं सांगतो. टूथपेस्ट लावू नका. तिनं काचेतला चरा भरत नाही, उलट वरचा तेलरोधक लेप मात्र घासला जातो. करोनाच्या काळात सारखं सॅनिटायझर चोळून असाच लेप गेलेले कितीतरी फोन माझ्याकडे आले. बोट सरकत नाही, ठसे निघत नाहीत, आणि लोकांना वाटतं काच खराब झाली. दुसरं, स्क्रीनगार्डच्या खोक्यावरचा ‘9एच’ हा पेन्सिलीच्या कठीणपणाचा आकडा आहे, वर सरांनी सांगितलेल्या श्रेणीतला 9 नव्हे. त्यावरही वाळूनं चरे पडणारच, पण तो बदलायला डिस्प्लेच्या मानानं काहीच खर्च नाही. आणि कड सुटली की लगेच बदला. तिथं धूळ साचते.

घडीचा फोन
माझा घडीचा आहे. आतल्या स्क्रीनवर सगळ्यात वर प्लास्टिकचा थर असतो, तिथं नखाचाही व्रण राहतो. नखं वाढू देत नाही आणि घडी घालण्यापूर्वी आत कण नाही ना, ते पाहते.

अंगठी
माझे चरे सगळे उजव्या बाजूला, एकाच उंचीवर होते. कारण कळायला वर्ष गेलं: साखरपुड्याच्या अंगठीतला हिरा. फोन धरताना तो आतल्या बाजूला फिरायचा. अंगठी सोनाराकडून घट्ट करून घेतली.

धागा काढणारी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री वाचता वाचता उठून गॅलरीत गेले. झाडांना पाणी घालताना मी फोन कठड्यावर उपडा ठेवते, गाणी लावून. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून कुंड्यांच्या मातीत नदीची वाळू मीच मिसळली आहे. कठड्यावरून बोट फिरवलं, तर खरखर लागली. आज तिथं खिळा ठोकून फोनसाठी कापडी पिशवी टांगली, आणि संध्याकाळी स्क्रीनगार्ड लावून आणला.