साखर काढली, पण केक राहिला का?

उलटा चमचा (धागाकर्ता)

गेलं वर्षभर साखर न घालता केक-बिस्किटं करायचा उद्योग चालू आहे. स्टीव्हिया, एरिथ्रिटॉल, मंक फ्रूट, झायलिटॉल आणि शेवटी ॲल्युलोज, असे साखरेऐवजी घालायचे गोडवे एकेक करून पाहिले. डबे इतके साठले की खऱ्या साखरेचा डबा फडताळात मागे गेला. आता मत झालंय ते लिहितो, फाडून काढायला मोकळे आहात.

साखरेच्या जागी हे 'नैसर्गिक' गोडवे घालून तोच केक होत नाही. 'चवीत काही फरक कळत नाही' असं सांगणाऱ्या पाककृती सरळसरळ फसवतात.

केकमधली साखर नुसती गोडीसाठी नसते. लोणी-साखर फेटताना साखरेचे टोकदार कण लोण्यात हवा अडकवतात, तीच हवा पुढे ओव्हनमध्ये केक वर आणते. साखर ओल धरून ठेवते, म्हणून केक तिसऱ्या दिवशीही मऊ लागतो. ती ग्लूटेनला (मैद्याला चिवटपणा देणाऱ्या प्रथिनाला) आवरते. स्टार्च फुलायला आणि अंडं घट्ट व्हायला लागणारं तापमान वर नेते, त्यामुळे मिश्रण घट्ट व्हायच्या आधी केकला फुगायला सवड मिळते. वरचा सोनेरी रंगही तिचाच. आता हे सगळं काढून स्टीव्हिया घाला. तिचा शुद्ध अर्क साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणजे २०० ग्रॅम साखरेची गोडी ग्रॅमभरात भागली. उरलेल्या १९९ ग्रॅमचं काम कोण करणार?

एरिथ्रिटॉल निदान मापात साखरेसारखं घालता येतं म्हणून त्याची लिंबाची बिस्किटं केली. पहिल्या दिवशी बरी होती. दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर प्रत्येक बिस्किटाच्या अंगावर बारीक पांढरे खडे चमकताना दिसले. चावलं की दाताखाली कचकच आणि मग जिभेवर गारवा, पेपरमिंट चघळल्यासारखा. लिंबाच्या बिस्किटाला पेपरमिंट कोणी मागितलं होतं?

माझं म्हणणं एवढंच, साखर कमी घाला, तुकडा लहान कापा. साखरेचं सोंग आणणारं काही घालू नका.

पाऊण वाटी

+१. कुठल्याही साध्या केकमधली साखर चतुर्थांश कमी करा, खाणाऱ्याला पत्ता लागत नाही. मी तर हळूहळू तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरले. केक थोडा कमी फुगतो आणि लवकर कोरडा होतो, पण केकच राहतो. थोडं लिंबाचं साल किसून किंवा व्हॅनिला वाढवून घातलं की जीभ फसते.

सुईवाली

'तुकडा लहान कापा' हे ज्यांचं स्वादुपिंड नीट चालतं तेच लोक सांगतात. राग मानू नका उलटा चमचा, पण तुमची तुलनाच चुकीची आहे. तुम्ही साखरेच्या केकशेजारी एरिथ्रिटॉलचा केक ठेवून गुण देताय. माझ्यासमोर साखरेचा केक नसतोच. एका बाजूला एरिथ्रिटॉलचा केक आणि दुसऱ्या बाजूला रिकामी ताटली, असा माझा हिशोब.

दंडावर रक्तातली साखर मोजणारा सेन्सर आहे. साध्या केकनंतर त्यावरची रेघ डोंगर चढते, बदामाच्या पिठाच्या आणि एरिथ्रिटॉलच्या केकनंतर जवळपास आडवी राहते. त्याचं कारणही साधं आहे. एरिथ्रिटॉलचा बहुतेक भाग लहान आतड्यातून रक्तात जातो आणि न मोडता लघवीवाटे बाहेर पडतो. शरीर त्याची ग्लुकोज करतच नाही.

आणि खड्यांबद्दल. दाणेदार एरिथ्रिटॉल तसंच घातलं असणार तुम्ही. ते पाण्यात साखरेच्या निम्म्यानंही विरघळत नाही, मग बिस्किटातल्या एवढ्याशा ओलाव्यात कुठे विरघळणार? मिक्सरमधून पिठीसारखं काढायचं, वितळलेल्या गरम लोण्यात घालून हलवायचं, मग बाकीचं. आणि सगळी गोडी त्याच्याकडून मागायची नाही. ते साखरेच्या साठ-सत्तर टक्केच गोड, गोडी जुळवायला दीडपट घातलं की खडे होणारच. मी साखरेच्या वजनाहून थोडं कमी घेते आणि वर चिमटीच्या टोकावर स्टीव्हिया. स्टीव्हियाचा कडूपणा त्यात लपतो. हा केक त्याच दिवशी संपवायचा, हे मात्र मान्य.

काटेकोर तराजू

दोघांनाही एक आठवण. लोक साखर काढून निर्धास्त होतात आणि मैदा तसाच ठेवतात. १०० ग्रॅम मैद्यात साधारण ७५ ग्रॅम कर्बोदकं असतात. २०० ग्रॅम मैदा आणि १५० ग्रॅम साखरेच्या केकचे आठ तुकडे केले तर एका तुकड्यात सुमारे १९ ग्रॅम मैद्याची आणि तेवढीच साखरेची. साखर पूर्ण काढूनही अर्धं ओझं तिथेच. सुईवालीताईंच्या केकची रेघ आडवी राहते त्यात बदामाच्या पिठाचा वाटा गोडव्याइतकाच आहे.

दुसरं म्हणजे पाकिटाची मागची बाजू वाचा. 'स्टीव्हिया' म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांमध्ये स्टीव्हिया नखभर आणि बाकी माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पूड) किंवा डेक्स्ट्रोज असतं, माप भरावं म्हणून. डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजच की.

हिरवं पान

एवढी रसायनं कशाला? मध घाला, खजूर वाटून घाला. निसर्गानं दिलेली गोडी आहे, शरीर ओळखतं तिला.

काटेकोर तराजू

@हिरवं पान, शरीर नक्कीच ओळखतं, साखर म्हणून ओळखतं. मधात ८० टक्क्यांच्या आसपास साखरच असते, बाकी बहुतेक पाणी. वाळलेल्या खजुराचीही साधारण तीच कथा, थोडा चोथा आणि खनिजं जास्त. चवीला दोन्ही उत्तम, पण धागा साखर काढण्याचा आहे.

आणि 'नैसर्गिक' हा शब्द इकडच्या डब्यांवरही सैलच वापरलाय. एरिथ्रिटॉल द्राक्षात, पेरमध्ये किंचित असतं खरं, पण डब्यातलं त्यातून काढलेलं नसतं. टाकीत ग्लुकोजवर यीस्ट वाढवून बनवतात. ॲल्युलोज अंजिरात सापडतं, कारखान्यात मात्र फ्रुक्टोजवर विकराची (एन्झाइमची) प्रक्रिया करून मिळवतात. स्टीव्हियाचं झुडूप पॅराग्वेकडचं, तिथे पानं शतकानुशतकं वापरात आहेत. तरी अमेरिकेचं एफडीए (अन्न-औषध प्रशासन) मोकळीक देतं ती शुद्ध केलेल्या अर्काला, पानाच्या भुकटीला नाही. निसर्गात असणं वेगळं, निसर्गातून काढणं वेगळं.

तपकिरी कड

धागाकर्त्यानं सगळ्यांना एकाच पोत्यात भरलंय. ॲल्युलोजचं नाव यादीत घेतलं आणि पुढे चकार शब्द नाही. का? कारण तिथे तुमचा मुद्दा पडतो.

ॲल्युलोज साखरेच्या सत्तर टक्के गोड, एका ग्रॅममागे ०.४ कॅलरी, साखरेत ४ असतात. २०१९ मध्ये एफडीएनं ते लेबलवरच्या 'एकूण साखरे'त न धरायला मोकळीक दिली. आणि मुख्य म्हणजे ते विरघळतं, ओल धरतं आणि रंग आणतं. एरिथ्रिटॉलचा केक तासभर भाजला तरी आजारी दिसतो, ॲल्युलोजला उलट आवरावं लागतं. माझा पहिला स्पंज १८० अंशांवर वीस मिनिटांत कॉफीच्या रंगाचा झाला. सुरी खुपसली तर आत अजून पीठच. पुढच्या वेळी १६० वर ठेवला, अर्ध्या वेळेनंतर वर फॉइल झाकली. तो चौथ्या दिवशी साखरेच्या केकपेक्षा मऊ होता.

कुरकुरीत बिस्किटाची मात्र आशा सोडा. ॲल्युलोजची बिस्किटं वाकतात, मोडत नाहीत. शिवाय काही देशांत हे विकायला परवानगी नाही, त्यामुळे उठसूट सुचवताही येत नाही.

घरात कुत्रा आहे

विषयांतर, पण महत्त्वाचं: झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे. थोडंसंही. त्यांच्या शरीरात इन्सुलिन एकदम उसळतं आणि रक्तातली साखर कोसळते. केक टेबलाच्या कडेला ठेवू नका. माणसांनाही जास्त झालं की पोट सांगतंच.

जागता पहारा

तब्येतीचं कोणी बोलेना म्हणून. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी बिनसाखरेचे गोडवे वापरू नका. त्यात स्टीव्हियाही आहे. त्याच वर्षी 'नेचर मेडिसिन'मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांचा अभ्यास आला. रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळले. त्यांनी आठ निरोगी लोकांना ३० ग्रॅम एरिथ्रिटॉल पेयातून दिलं, तर रक्तातली पातळी दोन दिवसांहून जास्त काळ चढलेली राहिली. ३० ग्रॅम म्हणजे वर सांगितलेल्या केकचे दोन तुकडेही नाहीत. आणि आपण हे 'आरोग्यदायी' म्हणून पोरांना भरवतोय.

सुईवाली

@जागता पहारा, अर्धी बातमी सांगू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा तो सल्ला आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हे त्यांनीच लिहिलंय. एरिथ्रिटॉलसारखे शर्करा-अल्कोहोलही त्यात धरलेले नाहीत. हृदयाचा अभ्यास मीही वाचला, घाबरलेही. पण त्यात दिसला तो संबंध, कारण सिद्ध झालेलं नाही. आपलं शरीर स्वतःही थोडं एरिथ्रिटॉल बनवतं. आजारी शरीर जास्त बनवत असेल तर वाढलेली पातळी हे आजाराचं लक्षण असेल, कारण नव्हे.

जागता पहारा

असेलही. पण त्याच अभ्यासात प्रयोगशाळेत एरिथ्रिटॉलमुळे प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) जास्त चिकट झाल्याचंही दिसलं होतं, ते लक्षणात बसत नाही. मधुमेहींना हृदयविकाराचा धोका मुळातच जास्त असतो, म्हणून तर तुम्हाला जास्त सांगतोय.

सुईवाली

हे मान्य. म्हणून रोज नाही, महिन्यातून दोनदा. आणि आता अर्धं ॲल्युलोज करून बघणार आहे, तपकिरी कड यांच्या तापमानानं.

पाऊण वाटी

कोणी पावाचं बोललं नाही. यीस्ट एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया काहीच खात नाही, तरी पाव फुगतो, कारण पिठातल्या स्टार्चमधून विकर त्याला माल्टोज काढून देतात. यीस्ट जागं करायला चमचाभर खरी साखर घातली तरी बहुतेक तेच फस्त करतं. तेवढ्यासाठी गोडवा वाया घालवू नका.

उलटा चमचा (धागाकर्ता)

बराच मार खाल्ला. हिशोब देतो.

ॲल्युलोजबद्दल गप्प बसलो हे खरं. माझाही केक काळा झाला होता आणि मी डबा रागानं मागे ढकलला. तापमान उतरवायचं डोक्यातच आलं नाही.

'साखरेचं सोंग आणू नका' हे वाक्य सुईवालीताईंसमोर मागे घेतो. रिकामी ताटली माझ्या डोळ्यांसमोर नव्हती. 'तोच केक होतो' हे मात्र अजून खोटंच म्हणणार. तुमचा केक त्याच दिवशी संपवावा लागतो, तपकिरी कड यांचं बिस्किट वाकतं, माझं कचकचतं. पाककृतीत हे लिहिलेलं असतं तर मी लिंबाच्या चाळीस बिस्किटांचं मिश्रण भिजवलंच नसतं.

काल राहिलेलं एरिथ्रिटॉल पिठी करून कोकोच्या गडद बिस्किटांत घातलं, पुदिन्याचा अर्क टाकून. म्हटलं, गारवा येणारच आहे तर येऊ दे. घरच्यांनी मुद्दाम केलाय असं समजून खाल्लं.

सुईवाली

प्रमाण टाका.

उलटा चमचा (धागाकर्ता)

बदामाचं पीठ १५० ग्रॅम, कोको ३०, लोणी ८० वितळवून, एरिथ्रिटॉलची पिठी ७०, एक अंडं, चिमूटभर मीठ, पुदिना अर्काचे चार थेंब. १६० अंश, कडा घट्ट होईपर्यंत. गरम असताना हात लावू नका, तुकडे पडतात. उद्या डब्यात खडे दिसले तर इथेच येऊन सांगेन.