म्हाताऱ्या मांजरांचा हिवाळा : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला किमान तापमानाचा आकडा पेपरात झळकू लागला की निफाडकडचे बागायतदार द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायच्या तयारीला लागतात. नाशिक शहरात पारा तितका उतरत नाही, तरी पहाटे 10 अंशांच्या आसपास आणि दुपारी 28 असं चक्र डिसेंबर-जानेवारीत चालूच असतं. तरण्या मांजराला त्याचं काही वाटत नाही. दहा वर्षं ओलांडलेल्या मांजराला पहाट जड जाते.

आमची ठमी पंधराव्या वर्षात आहे. पूर्वी जमिनीवरून एका उडीत खिडकीच्या कट्ट्यावर जायची. गेल्या हिवाळ्यात ती कट्ट्याखाली बसून मान वर करायची, मागचे पाय जागच्या जागी हलवून अंदाज घ्यायची आणि उडी न मारताच वळून जायची. घरात सगळे म्हणाले, थंडीने आखडली असेल, वय झालं. डॉक्टरांनी एक्स-रे काढला तर कमरेच्या सांध्यांत संधिवात निघाला. औषध सुरू केलं, खिडकीखाली एक बुटकं स्टूल ठेवलं. आता ती दोन टप्प्यांत वर जाते आणि नऊ वाजताचं ऊन खात बसते.

‘थंडीमुळे असेल’ या दोन शब्दांखाली मांजराची बरीच दुखणी झाकली जातात असं माझं मत झालंय. मांजर दुखतंय म्हणून रडत नाही, फक्त काही गोष्टी करायचं सोडून देतं. म्हणून विनंती अशी की काय उपाय केला एवढंच लिहू नका, आधी मांजरात नेमका काय बदल दिसला तेही सांगा. आलेली उत्तरं लिहिणाऱ्याच्या भागाच्या किंवा गावाच्या नावाखाली खाली दिली आहेत.

इंदिरानगर

आमचं घर तळमजल्यावर, फरशी बर्फासारखी. चिंगी तेरा वर्षांची. विकतचा गुबगुबीत बेड तिने हुंगूनसुद्धा पाहिला नाही. जानेवारीत द्राक्षं घरी आली, त्यांचं मोठं खोकं रिकामं झालं आणि बाई त्यात जाऊन बसल्या. मग त्याचीच पुढची बाजू खाली कापली, म्हणजे पाय उचलून आत जावं लागत नाही. आत सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची गोधडी दुमडून घातली आणि खोकं पाटावर ठेवलं. जमिनीपासून चार बोटं वर उचललं तरी फार फरक पडतो.

रात्री गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवते. संपूर्ण तळाला नाही, कारण तिला नको वाटलं तर सरकायला गार जागा हवी. म्हातारं मांजर चटका बसायला लागला तरी पटकन उठत नाही, त्यामुळे माणसांचा इलेक्ट्रिक पॅड रात्रभर लावून ठेवणं मला अजिबात पटत नाही. स्वेटर घालून पाहिला होता, ती पुतळ्यासारखी उभी राहिली, काढल्यावरच हलली. लगेच सोडून दिलं. अंग चाटता येत नसेल तर मांजराला ती ऊब नकोच असते.

पंचवटी

आमच्या वाड्यात अजून बंब पेटतो. पहाटे आई बंब पेटवते तेव्हा आमची काळी भाटी परसदारी हजर. राख उबदार असते म्हणून अगदी चिकटून बसते आणि मिश्या करपवून घेते. त्यासाठी बंबाभोवती विटांचा आडोसा केलाय, ऊब पोचते पण निखाऱ्यापर्यंत जाता येत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगते. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून मांजराला, म्हाताऱ्या माणसांना किंवा कोणालाही झोपवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

सिडको

सोन्या, वय बारा. एका थंडीत त्याचं नाक चोंदलं आणि खाणंच थांबलं. वाटीपाशी यायचा, हुंगायचा, निघून जायचा. मांजराला वास आला नाही तर ते खात नाही, हे तेव्हा कळलं. लहानपणी झालेला मांजरांचा फ्लू अंगात दबून राहतो आणि थंडीत किंवा ताण आला की डोकं वर काढतो असं डॉक्टरांनी सांगितलं.

आम्ही बाथरूममध्ये गिझरचं गरम पाणी सोडून वाफ करायचो आणि मी सोन्याला मांडीवर घेऊन आत बसायचो, नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाक पुसायचो. मग ओलं खाणं पाऊचसकट गरम पाण्यात धरून कोमट करून द्यायचो, फ्रिजमधून काढलेलं कधीच नाही. अंगाइतकं कोमट झालं की वास सुटतो आणि तो जीभ लावतो. निलगिरीचं तेल, कापूर, छातीला चोळायचे बाम यांतलं काहीही मांजराला लावायचं नाही. अंगावरचं सगळं ते चाटतं आणि ते त्याला विषारी आहे.

मी मूळचा लासलगावचा, त्यामुळे हे लिहिलंच पाहिजे. आमच्याकडे कांद्याशिवाय चूल पेटत नाही आणि चिकनच्या रश्शातला भात मांजराला घालायची जुनी सवय आहे. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं. शिजवलेला, वाटलेला, पावडर, सगळा सारखाच. आता सोन्यासाठी चिकन नुसत्या पाण्यात, मीठही न घालता शिजतं आणि ते पाणी कोमट करून आधी त्याला जातं.

नाशिकरोड

आमचा बंड्या सोळा वर्षांचा होऊन गेला. त्याच्याबद्दल जरा सविस्तर लिहिते.

आधी तो पाणी जास्त प्यायला लागला. मांजर एरवी पाण्याकडे फारसं जात नाही, हा बादलीच्या कडेला पुढचे पाय ठेवून बराच वेळ लपलप करत राही. लिटरमध्ये, म्हणजे ट्रेमधल्या वाळूत, लघवीचे मोठमोठे गोळे निघायचे. थंडीत आपल्यालाही लघवीला जास्त होते, तसंच त्याचं, असं घरातल्यांचं म्हणणं. पण केस उभे, विस्कटलेले दिसत होते आणि पाठीवरून हात फिरवला की मणके एकेक मोजता यायचे. मी त्याला घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले, मग त्याच्याशिवाय. वजन बरंच उतरलं होतं. रक्ताची तपासणी केली, क्रिएटिनिन वाढलेलं, किडनी दमलेली.

किडनीचा हा आजार बरा होत नाही, पण सांभाळता येतो. खाणं बदललं आणि डॉक्टरांनी कातडीखाली सलाईन द्यायला शिकवलं. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलायची, तंबूसारखी वर येते, तिच्या बुडाशी सुई. पाणी आत गेलं की तिथे फुगवटा येतो, हळूहळू एखाद्या पायाकडे उतरतो आणि जिरतो. पहिल्यांदा बघताना पोटात गोळा येतो, पण ते अपेक्षित असतं.

थंडीतली खरी गोष्ट इथे आहे. खोलीत ठेवलेली सलाईनची बाटली डिसेंबरात गारठते. तेच पाणी अंगात गेलं की बंड्या कुडकुडायचा आणि दुसऱ्या दिवशी बाटली पाहून पलंगाखाली पळायचा. मग मी बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवू लागले, नंतर हलवून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, गरमही नको आणि गारही नको. नळी लांब असेल तर तीही पातेल्यात बुडवायची. त्यानंतर तो माझ्या मांडीवर डोळे मिटून पडून राहायचा. सलाईन किती आणि कधी हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं, हृदय कमजोर असेल तर तेच पाणी घातक ठरतं.

बंड्याने त्यानंतर दोन हिवाळे पाहिले. चांगले पाहिले.

गंगापूर रोड

मी पशुवैद्यक आहे. वरचं बरंचसं बरोबर आहे, थोडी भर घालतो.

संधिवाताबद्दल : 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बारा वर्षांवरच्या 100 मांजरांचे एक्स-रे पाहिले, त्यांतल्या 90 टक्क्यांत सांध्यांची झीज दिसली. म्हणजे तुमच्या म्हाताऱ्या मांजराचं काहीतरी दुखत असण्याची शक्यता न दुखण्यापेक्षा जास्त आहे. पण घरातली गोळी देऊ नका. मांजराच्या यकृताला पॅरासिटामॉल पचवता येत नाही, एक गोळीही जीव घेते.

सगळी मांजरं ऊब शोधत असताना एखादं गार फरशीवर पसरत असेल, भरपूर खात असेल आणि तरी वाळत असेल, तर थायरॉइड तपासा. बाहुल्या मोठ्या झाल्यात आणि मांजर भिंतीला धडकतंय, तर रक्तदाब वाढून नजर गेलेली असू शकते, त्याच दिवशी या. मांजराने 24 तास काहीच खाल्लं नाही तर फोन करा. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि मूळ आजारापेक्षा ते अवघड होऊन बसतं. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जोर करतोय आणि लघवीचा थेंबही येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

निरोगी मांजराचं तापमान 100.5 ते 102.5 फॅरनहाइट असतं, त्यामुळे ते आपल्या हाताला नेहमी गरमच लागतं. कान आणि पंजे गार, अंग सैल आणि मांजर प्रतिसाद देत नाही, हे थंडी वाजण्याच्या पुढचं आहे. गोधडीत गुंडाळून थेट दवाखाना गाठा.

देवळाली कॅम्प

थंडीत आमची माई ट्रेबाहेर शी करायला लागली. ट्रे गॅलरीत होता, गारठ्यात, आणि कडा उंच. आत आणला, बुटक्या कडेचा घेतला, प्रश्न संपला. बद्धकोष्ठही होतं, खडे खूप कडक दिसले तर डॉक्टरांना सांगा. आणि नखं बघा. म्हातारी मांजरं नखं घासत नाहीत, मग नखं जाड होऊन वळतात आणि पंजाच्या गादीत रुततात.

येवला

संक्रांतीला आमच्याकडे तीन दिवस पतंग. म्हातारं मांजरही दोरा दिसला की चघळतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. दोरा न कापता तसंच डॉक्टरांकडे न्या.

सातपूर

घरच्या मांजरांबद्दल खूप आलं, मी गेटवरच्या मांजराबद्दल लिहितो. आमच्या कंपनीच्या गेटपाशी एक बोका राहतो, सिक्युरिटीचे काका सांगतात की ते लागल्यापासून आहे. एक कान फाटलेला, दात जवळजवळ नाहीत. थंडीत तो नुकत्याच आलेल्या गाडीच्या बॉनेटमध्ये शिरायचा, म्हणून सकाळी गाडी सुरू करण्याआधी आम्ही सगळे बॉनेटवर थाप मारतो. ही सवय तुम्हीही लावून घ्या.

त्याच्यासाठी औषधांचा रिकामा थर्माकोलचा डबा आणला, मांजर जाईल एवढंच भोक पाडलं, भिंतीला टेकवून विटांवर ठेवला. आत आधी जुनं पोतं घातलं होतं, ते दवाने ओलं होऊन आणखी गार पडायचं. मग भाताचा पेंढा भरला, त्यात तो घुसून बसतो आणि पेंढा पाणी धरत नाही. खाणं मऊ, कोमट, रात्रपाळीचे लोक देतात. दर पंधरवड्याला पेंढा बदलावा लागतो. येत्या रविवारी घोटीहून आणणार आहे, कोणाला रस्त्यावरच्या मांजरांसाठी हवा असेल तर शनिवारपर्यंत इथे लिहा, गाडीत जागा आहे.