नेमाने वाचता ते ब्लॉग कोणते, आणि का?

सकाळी बातम्या बघायच्या आधी मी दोन-तीन ब्लॉग उघडते. त्यात जेसन कॉटकीचा पहिला. १९९८ पासून हा माणूस लिहितोय. कुठे काही छान वाचलं, पाहिलं की तो त्याचा दुवा देतो आणि ते आपल्याला का आवडलं ते दोन-चार ओळींत सांगतो. २०२२ मध्ये त्याने आधी सांगून काही महिन्यांची सुट्टी घेतली. तरीही रोज सकाळी माझं बोट तिथेच जायचं. वर्षाच्या शेवटाकडे नवीन नोंद दिसली तेव्हा बरेच दिवस गावाला गेलेलं शेजारचं कुणी परत आल्यासारखं वाटलं. तुमचे असे ब्लॉग कोणते? नुसती नावं नकोत, त्यात तुम्हाला काय धरून ठेवतं तेही लिहा.

*

मी गणित शिकवतो. टेरेन्स टाओ आणि टिमोथी गॉवर्स या दोघांचे ब्लॉग मी सोडत नाही. दोघेही फील्ड्स पदकाचे, म्हणजे गणितातल्या सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या सन्मानाचे मानकरी, त्यामुळे निम्म्याहून जास्त मजकूर माझ्या डोक्यावरून जातो हे खरंय. पण जानेवारी २००९ मध्ये गॉवर्सनी एक प्रश्न मांडला: पुष्कळ लोक मिळून, सगळ्यांसमक्ष गणितातला एखादा अवघड प्रश्न सोडवू शकतील का? त्यासाठी त्यांनी हेल्स-ज्युएट प्रमेयाशी निगडित एक प्रश्न घेतला. ३७ दिवसांत २७ जणांनी सुमारे ८०० प्रतिसाद लिहिले आणि गाभ्याचा प्रश्न सुटला! पुढे शोधनिबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामाईक नावाने निघाला.

मला त्या उत्तरापेक्षा त्या चर्चेतल्या चुका मोलाच्या वाटतात. एक जण वाट सुचवतो, दुसरा तासाभरात तिच्यातली खोट दाखवतो, पहिला 'हो, बरोबर' म्हणून पुढे जातो. पाठ्यपुस्तकात सिद्धता इस्त्री करून येते, मुलांना वाटतं ती तशीच सुचली असणार. मी ती पानं वर्गात पडद्यावर लावतो. एवढी मोठी माणसं अडखळताना बघून शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा हात वर करायला लागतात.

*

माझं थोडक्यात. 'ॲस्ट्रॉनॉमी पिक्चर ऑफ द डे', १६ जून १९९५ पासून रोज एक चित्र. रूढ अर्थाने ब्लॉग नसेल, पण मला चटक लागली ती चित्राखालच्या परिच्छेदाची. खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेला, चार-पाच वाक्यांचा. झोपण्यापूर्वी मुलीला वाचून दाखवते. ती आता स्वतःच आठवण करून देते.

*

मुद्रितशोधन हे माझं काम, त्यामुळे 'लँग्वेज लॉग'. भाषाशास्त्रज्ञ मिळून चालवतात, २००३ पासून. इंग्रजीत 'एकॉर्न' (ओकच्या झाडाचं फळ) हा शब्द कुणीतरी 'एगकॉर्न' (जणू 'अंडं' आणि 'दाणा') असा लिहिला, त्यावरून अशा चुकांना तेच नाव द्यावं असं तिथे सुचवलं गेलं आणि ते रूढही झालं. चूक खरी, पण चुकणाऱ्याने त्या शब्दाचा आपल्यापुरता अर्थ लावलेला असतो.

हे वाचल्यापासून माझी नजरच बदलली. 'दुरवस्था'चं 'दुरावस्था' मी आजवर शेकडो वेळा दुरुस्त केलं असेल, तेही चिडून. आता वाटतं, लिहिणाऱ्याच्या मनात कुठेतरी 'दुरावा' असणार. दुरुस्त अजूनही करतो, चिडत नाही.

*

एक कामाची गोष्ट. १ जुलै २०१३ ला सगळ्या ब्लॉगांचं नवीन लेखन एका जागी दाखवणारं गूगल रीडर बंद झालं तेव्हा माझे वाचनातले कितीतरी ब्लॉग हरवले, कारण यादी वेळेवर उतरवून घेतली नव्हती. त्याचा फार पश्चात्ताप झाला. ते ज्यावर चालायचं ती आरएसएस ही ब्लॉगवरचं नवीन लेखन पोचवणारी सोय मात्र अजून जिवंत आहे. फीडलीसारखं कुठलंही फीड-वाचक घ्या आणि ब्लॉगचा पत्ता द्या, नवीन लेखन आपोआप समोर येतं. वर्डप्रेसचा ब्लॉग असेल तर पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन 'फीड' हा शब्द इंग्रजीत जोडला की बहुतेक वेळा काम होतं. आणि यादीची प्रत स्वतःजवळ ठेवा.

*

मी वाचायची तो ब्लॉग नावाजलेला नव्हता, म्हणून नाव देत नाही. एक बाई स्मृतिभ्रंश झालेल्या आईला सांभाळत होत्या, त्याबद्दल लिहायच्या. त्याच काळात माझे बाबा दिवसातून वीसदा विचारायचे, "आज वार कोणता?" मी वैतागून म्हणायची, "आत्ताच सांगितलं ना!" त्या बाईंनी लिहिलं होतं की आईसाठी प्रत्येक वेळी तो प्रश्न पहिलाच असतो, म्हणून उत्तरही पहिल्यांदाच दिल्यासारखं द्यायचं. त्या रात्री मी खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून तसं करून पाहिलं. बाबांचा चेहरा निवळायचा.

मग एक दिवस ब्लॉगच नाहीसा झाला. जीव हळहळला. पुढे कुणीतरी वेबॅक मशीन या, इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळाबद्दल सांगितलं, तिथे पत्ता टाकला तर बरीच पानं सापडली. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं की आईने आज कितीतरी दिवसांनी नावाने हाक मारली. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, ते पान मी अजून मधूनमधून उघडते.